तीन खुणा

बालवाडीच्या बाईंनी सोमवारी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, शनिवारी दहा वाजता मी घरी येते. भिंगरीच्या आईलाही थांबायला सांगा."

मी एकतीस वर्षं बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात काढली आहेत. कुणी अमुक वाजता येतो म्हणालं आणि तमुकला थांबायला सांगितलं, की ती भेट नसते, तपासणी असते. एवढं मला कळतं.

"काही चुकलं का तिचं?"

"चुकत नाही, हीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या. "कागद दिला की घडी घालून परत देते. रंग दिले की विचारते, कुठला लावू. आठ महिन्यांत पोरीनं स्वतःहून एक रेघ ओढलेली नाही."

आठ महिने म्हणजे कधीपासून, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. ही, म्हणजे भिंगरीची आजी, जाऊन आठ महिने झाले होते.

भिंगरी माझी नात. वय साडेपाच. नाव आजीनं ठेवलेलं, कारण पोर एका जागी ठरायची नाही. आता नाव तेवढं उरलं होतं. बारा वाजता शाळा सुटली की ती माझ्याकडे, संध्याकाळी सातला आई येऊन घेऊन जाणार. पूर्वीही ती आमच्याकडेच असायची, म्हणजे हिच्याकडे. मी घरात खुर्चीसारखा होतो. ही म्हणायची, "चल, आज आपण समुद्राच्या तळाशी राहू," आणि दोघी जेवणाच्या टेबलाखाली शिरायच्या. मी वर चहा प्यायचो. त्या काळात मी जहाज होतो, असं मला नंतर कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचा निरोप ऐकून लेकीनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, मी एका पाळणाघरात चौकशी केलीय. तिथं चित्रकलेला वेगळ्या बाई आहेत. शनिवारी काय म्हणतात बघू. नाहीतर एक तारखेपासून..." वाक्य तसंच टाकून ती आत गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुऊ लागली. आतूनच म्हणाली, "तुमच्यावर भार नको, बाबा."

"भार कसला त्यात," मी म्हणालो.

बारा ते सात या वेळातच या घरात कुणीतरी बोलतं, बाकीचे सतरा तास फ्रीज बोलतो, हे सांगायला हवं होतं. पण असली वाक्यं आमच्या घराण्यात घशातच अडकतात.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. हिचा चष्मा हरवला होता. दवाखान्यात न्यायच्या घाईत तो घरीच राहिला असणार, पण घरात नव्हता. रोज सकाळी एकटा असताना मी एकेक खण काढून बघायचो. एकतीस वर्षं लोकांना "नीट शोधा, घरीच असेल" असं सांगणारा माणूस मी! कुणाला विचारायचं तरी काय सांगून? चष्मा लागणारं माणूसच नाही म्हटल्यावर चष्मा कशाला हवाय, असं कुणीही म्हणालं असतं.

तर तो कागद. वर मथळा होता, 'मुलांची सर्जनशीलता कशी जोपासावी?' खाली नऊ नियम. मी त्याला परिपत्रक समजून दोन भोकं पाडून फाइलला लावलं आणि एक प्रत फ्रीजवर चिकटवली. नियम एक : मुलाला 'नाही' म्हणू नका. नियम तीन : उत्तरं देऊ नका, प्रश्न विचारा. नियम सहा : विकतच्या खेळण्यांपेक्षा रिकाम्या वस्तू द्या. नियम आठ : पसारा होऊ द्या. नववा नियम 'आनंद घ्या' असा होता. त्याची अंमलबजावणी कशी करायची, याचा खुलासा दिलेला नव्हता.

मंगळवारी मी टेबलावर कागद, रंग, कात्री, डिंक असं सगळं ओळीनं मांडलं. भिंगरी हाताची घडी घालून समोर बसली.

"काय काढू?"

नियम तीन. "तुला काय वाटतं?"

"मला काही नाही वाटत."

"का बरं नाही वाटत?"

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

पाऊण तास आम्ही एकमेकांना प्रश्न विचारत होतो. शेवटी तिनंच सगळ्या रंगांची टोपणं लावली.

बुधवारी बातमी जिन्यात पोचली. समोरच्या मावशी म्हणाल्या, "भावोजी, मुलांना माती द्यावी, माती!" आणि आपल्या कुंड्यांतली अर्धी बादली माती घेऊन आल्या. भिंगरीनं मातीतलं गांडूळ काढून मावशींना परत केलं. मग मातीचे बारा सारखे गोळे केले, ओळीत लावले, हात धुतले आणि विचारलं, "झालं?"

तेवढ्यात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी डोकावले. "हे सगळं सोडा हो. पाढे लावा. माझ्या पोराला मी तिसऱ्या वर्षापासून पाढे लावले. आज परदेशात आहे."

"येतो का कधी?" मावशींनी विचारलं.

सेक्रेटरी जिन्याकडे बघायला लागले.

गुरुवारी मी नियम सहा हाती घेतला. नाक्यावरच्या दुकानाबाहेर कपडे धुण्याच्या मशीनचा मोठा रिकामा खोका पडला होता. दुकानदार म्हणाला, "खोका ग्राहकाचा आहे. लेखी संमती आणा." मला त्याचा राग आला नाही. उलट हा आपल्यातला माणूस, असं वाटलं. दोन गल्ल्या पलीकडे ग्राहकबाई राहत होत्या. त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून दिलं, 'खोका देण्यास हरकत नाही.' मी परत आलो. दुकानदारानं पाकीट उलटंपालटं केलं. "तारीख नाही यावर."

तारखेसाठी मी जन्मात किती माणसं परत पाठवली असतील, त्याचा हिशेब नाही. एक तारीख म्हणजे जाऊन-येऊन अकराशे पावलं, हे त्या दिवशी मोजून समजलं.

खोका न्यायचा कसा? हातात मावेना, तेव्हा मी तो डोक्यावरून पालथा घातला. रस्त्यावर ठीक होतं. पुढच्या माणसाचे पाय दिसले की थांबायचं, एवढंच. पण आमचा जिना अरुंद. पहिल्या मजल्याच्या वळणावर खोका भिंत आणि कठड्याच्या मध्ये घट्ट बसला, आणि आत मी. हात कोपरापासून आवळलेले. वर जाता येईना, खाली येता येईना.

"कोण आहे आत?" सेक्रेटरींचा आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"दुसऱ्या मजल्यावरचा."

"खोक्यात काय करताय?"

आता काय सांगणार! "सर्जनशीलता जोपासतोय," मी म्हणालो.

मग सेक्रेटरींनी वरून ओढलं, मावशींनी खालून ढकललं. खोका सुटला. त्याच्याबरोबर जिन्याच्या नव्या रंगाचा हातभर पट्टाही सुटला.

शाळेतून आल्यावर भिंगरीनं खोक्याला एक फेरी मारली. "यात काय आहे?"

"तुला काय वाटतं?"

"रिकामा आहे."

बरोबर होतं. मी पुढचा प्रश्न शोधत होतो, पण सापडेना. शनिवारला एक पूर्ण दिवस उरला होता. मग ती म्हणाली, "आजोबा, तुझ्या ऑफिसला खिडकी होती ना? आजी सांगायची. तू खिडकीत बसायचास आणि सगळं जग तुझ्याकडे हरवलेलं मागायला यायचं."

मी खाली बसलो. माझ्या नोकरीत गोष्ट सांगण्यासारखं काही आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ही सगळ्या जगाला माझ्या खिडकीसमोर रांगेत उभं करून मोकळी झाली होती, आणि मी टेबलाशी चहा पीत होतो.

"होती की."

"केवढी?"

मी हातांनी माप दाखवलं. उत्तरं द्यायची नसतात, हे मी साफ विसरलो. कात्रीनं खोक्याला खिडकी पाडली. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. वस्तू आली की तिला चिठ्ठी बांधायची. रजिस्टरात नोंद करायची. मागायला कुणी आलं की त्यानं तीन खुणा सांगायच्या, आणि त्याही वरवर बघून न कळणाऱ्या. छत्री काळी आहे म्हणून चालत नाही, सगळ्याच छत्र्या काळ्या.

"तीन नाही आल्या तर?"

"तर नाही मिळत. उद्या या म्हणायचं."

"रडला तरी?"

"रडला तरी."

"मोठा साहेब असला तरी?"

"तरी. खिडकीच्या आत आपणच साहेब."

निवृत्तीच्या दिवशी मी परवानगी घेऊन एक कोरं रजिस्टर घरी आणलं होतं. ते मी तिला दिलं. ती खोक्यात शिरली आणि सात वाजेपर्यंत बाहेर आली नाही.

शुक्रवारी ऑफिस रीतसर सुरू झालं. खिडकीबाहेर मला अरे-तुरे करणारी पोर खिडकीत बसली की अहो-जाहोवर यायची. "काय हरवलंय तुमचं?" माझा कंगवा जमा झाला होता. मला दोनच खुणा सांगता आल्या. कंगवा मिळाला नाही. दुपारी सेक्रेटरी जिन्याच्या रंगाबद्दल नोटीस घेऊन आले, माझ्याच टेबलाशी बसून माझ्याच पेनानं त्यांनी ती पूर्ण केली आणि मला दिली. मी सही केली. खोक्याच्या आतून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. त्या आवाजापुढे मला नोटीस काय, अटकेचं वॉरंटही चाललं असतं.

शनिवारी साडेनऊला दार वाजलं. दारात सेक्रेटरी, घामाघूम.

"पंपाच्या खोलीची किल्ली गेली! पाणी साडेदहाला जातं. त्याच्या आत टाकी भरली नाही तर चोवीस घरं उद्यापर्यंत कोरडी!"

"नीट शोधा, घरीच असेल," मी सवयीनं म्हणालो.

ते गेले. मी दार लावलं आणि टेबलाकडे बघितलं. काल नोटीस लिहिताना त्यांनी खिशातून पेन शोधायला काय काय काढून टेबलावर ठेवलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं.

भिंगरी आईबरोबर पावणेदहाला आली आणि सरळ खोक्यात जाऊन बसली. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, केस तरी विंचरायचे."

"कंगवा जमा आहे."

"कुठं जमा?"

तेवढ्यात बाई आल्या. दहा मिनिटं आधी! त्या खुर्चीत बसतात न बसतात तोच जिन्यात गलका झाला. सेक्रेटरी पुन्हा दारात, मागे मावशी, त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची चार-पाच माणसं. एकाच्या तोंडाला साबण तसाच होता.

"काल मी तुमच्याकडेच बसलो होतो," सेक्रेटरी म्हणाले. "किल्ली इथंच आहे."

"माझा रिमोटही परवापासून नाहीये, भावोजी. खोका ढकलायला आले तेव्हा हातात होता," मावशी हळूच म्हणाल्या.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मग खोक्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "भिंगरी, तू लोकांच्या वस्तू घेतल्यास?"

खिडकीतून आवाज आला, "घेतल्या नाहीत. सापडल्या. किल्ली टेबलावर होती. संध्याकाळपर्यंत कुणी विचारलं नाही."

"दे बघू ती इकडे!" सेक्रेटरींनी खिडकीतून हात घातला. आत भिंगरीनं रजिस्टर छातीशी धरलं. ती रडली नाही. गप्प झाली. ती चुप्पी मला ओळखीची होती. आठ महिने मी तीच बघत होतो.

"बाबा, काढा ना ती किल्ली!" लेक म्हणाली. "दहा वाजले. काय चाललंय हे बाईंसमोर!"

किल्ली मला दिसत होती. हात लांब केला असता तर दोन सेकंदांचं काम. चोवीस घरांना पाणी मिळालं असतं, सेक्रेटरी निवले असते, बाईंसमोर शोभा झाली नसती. आणि ऑफिस कायमचं बंद झालं असतं. मोठा साहेब आला की नियम मोडतो, हे त्या पोरीनं एकदा बघितलं की संपलं.

मी सेक्रेटरींचं मनगट धरून हात बाहेर काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात लावला असेन.

"हात बाहेर," मी म्हणालो. "रांगेत उभे राहा."

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? पाणी जाईल!"

"तीन खुणा सांगा आणि घेऊन जा. वाद घालण्यात तुमचाच वेळ जातोय."

लेक खाली बसली. बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. त्यांच्या तोंडावरून मला काही वाचता येईना.

"काय हरवलंय तुमचं?" खिडकीतून विचारलं गेलं.

"किल्ली!" सेक्रेटरी ओरडले. "लोखंडाची!"

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"लांब आहे!"

"सगळ्या लांब असतात."

"सांगा हो लवकर!" साबणवाला मागून म्हणाला. "माझे डोळे चुरचुरतायत."

दहा वाजून नऊ मिनिटं. सेक्रेटरींनी डोळे मिटले. "वर... वर आकडा खोदलाय. चार."

रजिस्टराचं पान उलटल्याचा आवाज. "एक."

"तिला नाडी बांधलीय. बुटाची."

"कुठल्या रंगाची?"

"काळी. नाही, थांब. काळी नाही." त्यांचा आवाज खाली आला. "निळी. माझ्या मुलाच्या खेळाच्या बुटाची. तो गेला तेव्हा बूट इथंच राहिले."

"दोन."

दहा तेरा.

"तिसरं मला नाही आठवत ग," सेक्रेटरी म्हणाले. वीस वर्षांत त्यांना कुणाशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "रोज हातात असते. कोण बघतं तिच्याकडे?"

"डोळे मिटून कुलूप उघडा," मी म्हणालो. हे मी खिडकीत बसून शेकडो लोकांना सांगितलं होतं. त्यांनी हवेत हात फिरवला. एकदा फिरवला, अडखळले, मागे आणला, पुन्हा फिरवला.

"दात! एक दात अर्धा तुटलाय! म्हणून दोनदा फिरवावी लागते!"

"तीन. सही करा."

त्यांनी सही केली आणि चप्पल न घालता धावत सुटले. माणसं त्यांच्यामागे. दहा अठराला खालून पंपाची घरघर ऐकू आली. मावशी मात्र हलल्या नाहीत. त्या रिमोटसाठी रांगेत उभ्या होत्या. त्यांना एकही खूण सांगता आली नाही. "उद्या येते हो," म्हणून त्या गेल्या.

बाई उठून खिडकीशी गेल्या. "मला रजिस्टर बघायला मिळेल?"

भिंगरीनं विचार करून दिलं. बाई पानं उलटत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पोरीला लिहिता येत नाही. तिनं नोंदी चित्रांनी केल्या होत्या. माझा कंगवा, त्याचे पडलेले दात मोजून. मावशींचा रिमोट, एका बटणाला लागलेल्या पिठासकट. किल्ली, नाडी, तुटका दात. जिन्यात अडकलेला एक खोका, त्याच्याखाली दोन पाय; मावशींनी सांगितलं असणार. तो कधी हरवला होता कुणास ठाऊक! दोन दिवसांत एकोणीस पानं.

शेवटच्या पानावर बाई थांबल्या. चष्मा होता.

"हा कुणाचा?"

"आजीचा. कोचाच्या फटीत सापडला. खूप दिवस झाले. कुणी विचारलंच नाही."

लेकीनं तोंडावर हात धरला. मी पुढे झालो आणि खिडकीसमोर उभा राहिलो.

"काय हरवलंय तुमचं?"

"चष्मा."

"खुणा?"

"डावी काडी बाहेर वाकलीय. चष्मा लावूनच झोपायची ती."

"एक."

"उजव्या काचेच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा ठिपका आहे. तुम्ही दोघींनी जंगल रंगवलं तेव्हाचा."

"दोन."

मी उभा राहिलो. बेचाळीस वर्षं तो चेहरा समोर होता. मी डोळे मिटले, जे दुसऱ्यांना सांगितलं ते केलं. तिसरी खूण येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

"भिंगरी, दे ग आजोबांना," लेक म्हणाली.

खिडकीतून छोटा हात बाहेर आला. त्यात चष्मा नव्हता. हात माझ्या हातावर टेकला. "तीन लागतात," ती म्हणाली. "रडलं तरी. तुम्ही उद्या या. ऑफिस उघडं असतं."

"उद्या रविवार," मी म्हणालो.

"मग सोमवारी."

बाईंनी रजिस्टर बंद करून लेकीच्या हातात दिलं. "सोमवारी हिला इथंच पाठवा," एवढंच म्हणाल्या. लेक पानं उलटत बसली. पाळणाघराचं नाव मग निघालं नाही. जाताना तिनं फक्त कंगव्याबद्दल विचारलं आणि मला स्वतःचा दिला.

सोमवारी दुपारी भिंगरी खोक्यात बसून काहीतरी काढत होती. पुढचं सुचेना, तशी ती पेन्सिलीचं टोक चावायला लागली. मी बघत राहिलो. उजवी काडी! गोष्ट पुढे सरकेना की ही चष्मा काढायची आणि उजव्या काडीचं टोक चावत बसायची. तिथं दातांच्या बारीक खुणा आहेत.

मी उठलो, खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो.

"आठवली का हो तिसरी?"

"नाही हो."

"मग उद्या या."

मी रोज जातो.